रूट फाइल आणि चढ-उताराचा आलेख: पहिल्या मोठ्या सायकल इव्हेंटआधी घरी बसून करायची तयारी

इव्हेंटच्या काही दिवस आधी आयोजकांचा मेल येतो. त्यात बिब नंबर असतो, रिपोर्टिंगची वेळ असते, नियम असतात आणि तळाशी दोन गोष्टी जोडलेल्या असतात: एक जीपीएक्स फाइल, म्हणजे मार्गाची फाइल, आणि डोंगररांगेसारखं दिसणारं एक चित्र, म्हणजे चढ-उताराचा आलेख. पहिल्यांदा भाग घेणारे बरेच जण फाइल सायकल कॉम्प्युटरमध्ये, म्हणजे हँडलवरच्या रस्ता दाखवणाऱ्या छोट्या उपकरणात, टाकतात, चित्र बघून "बापरे" म्हणतात आणि तयारी झाली असं समजतात. माझी कळकळीची विनंती आहे, या दोन गोष्टींना एक संध्याकाळ द्या. चढावर धापा टाकताना, घामाने डोळे चुरचुरत असताना, तळहाताएवढ्या स्क्रीनवर नवीन काही वाचून समजत नाही. आधी वाचलेलं असेल तेच तिथे उपयोगी पडतं.

पायरी १: हातात कसली फाइल आली आहे ते ओळखा

सगळ्यात जास्त दिसते ती जीपीएक्स. २००२ मध्ये हा प्रकार आला आणि २००४ मध्ये आलेली त्याची १.१ ही आवृत्ती आजही चालते. ही साध्या मजकुराची फाइल असते. नोटपॅडमध्ये उघडून बघा, हजारो ओळी दिसतील. प्रत्येक बिंदूचे अक्षांश, रेखांश आणि बहुतेक वेळा समुद्रसपाटीपासूनची उंची, एवढंच त्यात असतं. एकदा हे डोळ्यांनी पाहिलं की फाइलबद्दलची भीती जाते.

जीपीएक्समध्ये रस्ता दोन प्रकारे साठवता येतो, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. 'रूट' म्हणजे मोजकेच बिंदू. त्यांच्यामधला रस्ता कॉम्प्युटर स्वतःच्या नकाशावरून ठरवतो. त्यामुळे एकच रूट दोन उपकरणांवर दोन वेगवेगळ्या रस्त्यांनी जाऊ शकतो. 'ट्रॅक' म्हणजे जवळजवळ ठेवलेले शेकडो-हजारो बिंदू, त्यातून रेष पक्की ठरते. इव्हेंटसाठी ट्रॅकच हवा.

टीसीएक्स हा सायकल कॉम्प्युटर बनवणाऱ्या गार्मिन कंपनीचा प्रकार. त्यात रस्त्याबरोबर वळणांच्या सूचनाही बसतात: डावीकडे, उजवीकडे, पुढे पाण्याची सोय वगैरे. फिट फाइल आकाराने लहान असते आणि तिच्यातही सूचना असतात, पण नोटपॅडमध्ये ती वाचता येत नाही. आयोजकांनी तिन्ही दिल्या असतील आणि तुमचं उपकरण घेत असेल, तर फिट किंवा टीसीएक्स निवडा. नुसत्या जीपीएक्स ट्रॅकमध्ये सहसा वळणाच्या सूचना नसतात. रेषेवर लक्ष ठेवून जावं लागतं.

एक गोष्ट नक्की तपासा: प्रत्येक बिंदूपुढे तारीख आणि वेळ आहे का? असेल, तर ती बहुधा कोणाच्या तरी प्रत्यक्ष राइडची नोंद आहे. माझ्या पहिल्या लांब इव्हेंटला मी एका मित्राची आदल्या वर्षीची राइड उतरवून घेतली होती. तो एका फाट्यावरून आत जाऊन पाणी भरून आला होता, कॉम्प्युटरने मलाही तिकडे नेलं. त्यापुढे आयोजकांनी त्या वर्षी एक रस्ता बदलला होता, तो बदल माझ्या फाइलमध्ये अर्थातच नव्हता. सहा किलोमीटर जास्त झाले आणि शेवटच्या तासात ते सहा किलोमीटर फार जड गेले. तेव्हापासून आयोजकांनी दिलेली, त्याच वर्षीची, सगळ्यात शेवटी पाठवलेली फाइल हीच मी खरी मानतो. आधीच्या आवृत्त्या तर फोनमधूनही पुसून टाकतो.

पायरी २: मोठ्या स्क्रीनवर रस्ता एकदा चालून या

राइड विथ जीपीएस, कोमूट, स्ट्राव्हा या मार्ग आखण्याच्या साइटपैकी कुठेही फाइल उघडा. फाइल आत घेताना काही साइट ती आपल्या नकाशातल्या रस्त्यांवर नव्याने बसवतात आणि मूळ रेष थोडी बदलते. मूळ ट्रॅक तसाच ठेवण्याचा पर्याय असेल तर तो निवडा.

मग आयोजकांनी सांगितलेलं अंतर आणि फाइलमधलं अंतर ताडून पाहा. २०० किलोमीटरच्या राइडमध्ये एक-दोन किलोमीटर इकडेतिकडे असतील तर ठीक. दहाचा फरक असेल तर काहीतरी चुकलं आहे, लगेच विचारा. सुरुवातीचा बिंदू बरोबर जागी आहे का, वर्तुळाकार मार्ग असेल तर दिशा कुठली आहे, कंट्रोल पॉइंट (वाटेतली हजेरी नोंदवायची ठिकाणं) कुठल्या क्रमाने येतात, हेही बघा. दिशा उलटी असेल तर अंतर आणि एकूण चढ (सगळे चढ मिळून वर गेलेली उंची) तेच राहतात, त्यामुळे आकड्यांवरून चूक कळत नाही. पण सौम्य चढ आणि तीव्र उतार यांची अदलाबदल झालेली असते.

आता झूम करून रेषेवरून हळूहळू पुढे सरका. वेळ जातो, पण ही माझी सगळ्यात आवडती पायरी आहे. रेष स्वतःलाच छेदते ती जागा, जाताना आणि येताना एकच रस्ता वापरलेला तुकडा, उड्डाणपुलावरून जायचं की खालून, मुख्य रस्ता की सर्व्हिस रोड, मोठ्या चौकातून कुठला फाटा: गोंधळ होतो तो याच ठिकाणी. उपग्रह चित्रावर रस्ता एकदम मातकट दिसत असेल तर तिथे डांबर नसण्याची शक्यता धरा. अशा पाच-सहा जागा कागदावर लिहून काढा.

पायरी ३: उपकरणात टाका आणि एकदा खोटी सुरुवात करा

गार्मिनच्या एज मालिकेत यूएसबी केबलने जोडून 'न्यू फाइल्स' या फोल्डरमध्ये फाइल टाकता येते; केबल काढल्यावर उपकरण ती कोर्सेसमध्ये, म्हणजे आखलेल्या मार्गांच्या यादीत, घेतं. वाहू या दुसऱ्या कंपनीच्या उपकरणांत हेच काम फोनवरच्या अ‍ॅपमधून होतं. नुसता फोन वापरणार असाल तर त्या भागाचा नकाशा आधी उतरवून ठेवा, कारण इव्हेंटचे रस्ते मोबाइलच्या टॉवरला विचारून आखलेले नसतात.

फाइल गेली म्हणून समाधान मानू नका. कोर्स उघडा, अंतर बघा, चढाचा आलेख दिसतो का ते बघा. मग घराजवळच्या एखाद्या छोट्या फेरीची फाइल बनवून तिच्यावर पाच किलोमीटर जाऊन या. मुद्दाम एक वळण चुका. रस्ता सोडल्यावर उपकरण कसं ओरडतं आणि परत आल्यावर काय दाखवतं, हे त्या फेरीत शिकून घ्या.

सेटिंगमध्ये दोन बदल करा. रस्ता चुकल्यावर आपोआप नवीन मार्ग काढण्याची सोय बंद ठेवा. ती तुम्हाला जवळच्या वाटेने शेवटाकडे नेऊ शकते आणि मधला कंट्रोल राहून जाऊ शकतो. रस्ता सोडल्याचा इशारा मात्र चालू ठेवा.

सुरुवात आणि शेवट एकाच जागी असतील, किंवा रस्ता स्वतःला छेदत असेल, तर काही उपकरणं भलत्याच तुकड्यावर उडी मारतात. सुरुवातीलाच "कोर्स पूर्ण" असा संदेश येतो किंवा शंभर किलोमीटर पुढचं वळण दिसू लागतं. यावर साधा उपाय आहे: एखाद्या कंट्रोलपाशी फाइलचे दोन तुकडे करा आणि तिथे थांबल्यावर दुसरा तुकडा सुरू करा. फार लांबच्या राइडमध्ये जुन्या उपकरणांना याचा आणखी एक फायदा होतो, कारण एका फाइलमध्ये किती बिंदू चालतात याला त्यांच्यात मर्यादा असते.

पायरी ४: उंचीचा आकडा कुठून आला ते समजून घ्या

एकाच ट्रॅकला एक साइट १,४०० मीटर चढ दाखवते आणि दुसरी १,७००. नवखा सायकलस्वार इथे हमखास गोंधळतो. खोटं कोणीच बोलत नसतं, मोजण्याची पद्धत वेगळी असते.

उंची तीन वाटांनी येते. पहिली, उपग्रहांच्या संकेतांवरून. ही सर्वांत कच्ची, कारण जीपीएसची उभी चूक आडव्या चुकीपेक्षा जास्त असते. दुसरी, सायकल कॉम्प्युटरमधल्या हवेच्या दाबाच्या सेन्सरवरून. समुद्रसपाटीच्या आसपास दाब एक हेक्टोपास्कलने कमी झाला की साधारण आठ मीटर वर आल्याचं धरलं जातं. छोटे चढ-उतार हा सेन्सर चांगले टिपतो, पण हवामान बदललं की जागेवर उभं असतानाही उंची सरकते, आणि पावसाचं पाणी सेन्सरच्या छिद्रावर बसलं की आकडे वेडेवाकडे होतात.

तिसरी वाट म्हणजे पृथ्वीच्या उंचीचा तयार नकाशा. घरी बसून आखलेल्या रूटला उंची मिळते ती इथून. अशा नकाशांपैकी एक प्रसिद्ध नकाशा फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर या अंतराळयानाने अकरा दिवसांच्या मोहिमेत रडारने बनवला. ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण एवढा भाग त्यात आला. त्यातले बिंदू एकमेकांपासून साधारण ३० मीटरवर असतात, आणि त्याची ९० मीटरवाली भरड आवृत्तीही वापरात आहे. आता डोंगराच्या कडेने कोरून काढलेला रस्ता डोळ्यांसमोर आणा. रस्ता सात-आठ मीटर रुंद, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. ट्रॅक दहा मीटर इकडे सरकला तर नकाशा कड्याची उंची देतो, तिकडे सरकला तर दरीची. मग सरळ, एकसारख्या चढाच्या जागी आलेखात करवतीचे दात उमटतात आणि प्रत्येक दात एकूण चढात भर घालतो.

पूल आणि बोगदे ही दुसरी फसवी जागा. नकाशाला जमीन ठाऊक असते, पुलाचा कठडा ठाऊक नसतो. त्यामुळे खोल दरीवरच्या सपाट पुलावर आलेख खाली कोसळून पुन्हा वर येतो आणि बोगद्याच्या जागी एक सुळका उभा राहतो. आलेखात २५-३० टक्क्यांचा (१०० मीटर पुढे जाताना २५-३० मीटर वर) अचानक काटा दिसला तर घाबरण्याआधी नकाशावर ती जागा बघा. बहुतेक वेळा तिथे पूल किंवा बोगदा सापडतो.

याशिवाय प्रत्येक साइट आलेख आपापल्या पद्धतीने गुळगुळीत करते. एक मीटरचा उंचवटा मोजायचा की सोडून द्यायचा, एवढ्या एका निर्णयाने लांब राइडचा एकूण चढ शेकडो मीटरने बदलतो. म्हणून आकड्यांची तुलना करायची तर सगळे रूट एकाच साइटवर मोजा. तुमच्या आधीच्या राइड आणि येणारा इव्हेंट एकाच तराजूत पडले की आकडा बोलू लागतो.

पायरी ५: चित्र वाचा, पण चित्राच्या उंचीला भिऊ नका

आलेखाचा उभा आणि आडवा मापदंड कधीच सारखा नसतो. समजा १०० किलोमीटरचा रस्ता २० सेंटिमीटर रुंदीत बसवला आणि ६०० मीटर उंची ५ सेंटिमीटरमध्ये. आडवा एक सेंटिमीटर म्हणजे ५ किलोमीटर, उभा एक सेंटिमीटर म्हणजे १२० मीटर. उंची चाळीस पटीहून जास्त ताणली गेली. पाच टक्क्यांचा साधा चढ प्रत्यक्षात तीन अंशांहूनही कमी असतो, पण या चित्रात तो ६४ अंशांचा कडा दिसतो. उलटही होतं: एका मोठ्या घाटामुळे उभा मापदंड इतका दाबला जातो की बाकीचे दमवणारे छोटे चढ चित्रात सपाट वाटतात. म्हणून आधी डावीकडचे आकडे वाचा, मग रेष बघा.

ग्रेडियंट म्हणजे १०० मीटर पुढे जाताना किती मीटर वर गेलो. आठ मीटर, तर आठ टक्के. ढोबळ मानाने तीन-चार टक्के म्हणजे गिअर हलका करून गप्पा मारत जाता येतं, सहा-सात टक्क्यांना गप्पा थांबतात, दहाच्या पुढे सगळ्यात हलका गिअर लागतो आणि श्वास मोजावा लागतो.

पण सरासरी ग्रेडियंटवर कधीही विसंबू नका. सहा किलोमीटरचा, ३०० मीटर उंचीचा, सरासरी पाच टक्क्यांचा चढ घ्या. पहिले दोन किलोमीटर चार टक्के, मधले दोन सपाट, शेवटचे दोन अकरा टक्के, असाही तो असू शकतो. सरासरी पाचच. पाच टक्क्यांच्या भरवशावर जो सुरुवातीला जोर लावेल त्याचे पाय शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये भरून येतील. फ्रान्समधल्या आल्प द्युएझ या प्रसिद्ध चढाचं वर्णन १३.८ किलोमीटर, सरासरी ८.१ टक्के असं होतं, पण त्याचे अगदी सुरुवातीचे किलोमीटर दहा टक्क्यांच्या वर आहेत. ताज्या पायांच्या जोमात तिथे दम खर्च केला तर वरची वळणं लांबच लांब होत जातात. म्हणून प्रत्येक मोठा चढ आलेखात निवडून वेगळा बघा, आणि सगळ्यात तीव्र किलोमीटर कुठे आहे ते शोधा.

पायरी ६: चढाला वेळेत बदला

माझ्या मते पूर्ण तयारीतली सगळ्यात मोलाची गोष्ट ही आहे.

चढावर वेग कमी असतो, त्यामुळे वाऱ्याचा अडथळा फारसा राहत नाही. ताकद मुख्यतः स्वतःला आणि सायकलला वर उचलण्यात जाते. म्हणून चढाला लागणारा वेळ किलोमीटरपेक्षा उंचीवर जास्त ठरतो. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो, पेडलवर १५० वॅट अशी ताकद धरली, तर ३०० मीटर उंचीला निव्वळ २८ मिनिटं लागतात. टायरचं घर्षण आणि हवा धरली की अर्ध्या तासाच्या थोडं वर.

पेडलवरची ताकद मोजणारं पॉवर मीटर नसेल तरी हरकत नाही. आधीच्या राइडमधला एक लांब चढ घ्या. २० मिनिटांत १५० मीटर चढला असाल तर तुमचा दर ताशी ४५० मीटर. हा आकडा पाठ करा. मग ३०० मीटरच्या घाटाला ४० मिनिटं लागणार, हे आदल्या रात्रीच कळतं.

आता कट-ऑफ, म्हणजे पोहोचण्याची शेवटची वेळ, बघू. ऑडॅक्स क्लब पॅरिसियनच्या नियमांनी होणाऱ्या २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब राइडला) साडेतेरा तास मिळतात, म्हणजे साधारण ताशी १५ किलोमीटर. १०५ किलोमीटरवरचा कंट्रोल सुरुवातीपासून सात तासांनी बंद होतो. समजा त्या टप्प्यात एकूण १४ किलोमीटर लांबीचे तीन चढ आहेत, उंची ६०० मीटर. तुमच्या दराने १ तास २० मिनिटं. उरलेले ९१ किलोमीटर ताशी २२ ने ४ तास ८ मिनिटं. थांबायला अर्धा तास. एकूण ५ तास ५८ मिनिटं. तासाभराची सवलत हातात आहे. पंक्चर झालं, समोरून वारा लागला, तरी घाबरायचं कारण नाही. हेच गणित दुसऱ्या टप्प्यासाठीही करा, पण तिथे चढाचा दर थोडा कमी धरा. पाय दमलेले असतात.

हे सगळं कागदाच्या एका पट्टीवर उतरवा आणि पारदर्शक चिकटपट्टीने टॉप ट्यूबवर, म्हणजे सायकलच्या फ्रेमच्या वरच्या नळीवर, लावा. एका चढाला एक ओळ: कुठल्या किलोमीटरला सुरू, लांबी, उंची, आणि तीव्र भाग कुठे. "३८ – ५.२ किमी – २४० मी – शेवटचा १ किमी १०%". एवढं पुरे. शेजारी एखादी खूणही लिहा, म्हणजे देऊळ, पूल, फाटा. कारण तुमच्या मीटरवरचे किलोमीटर आणि फाइलमधले किलोमीटर दिवसभरात थोडे सरकतात, खूण मात्र जागेवर राहते.

पायरी ७: रस्त्यावर

कोर्स चालू असेल तर गार्मिनचं क्लाइंबप्रो किंवा वाहूचं समिट हे पान चढ सुरू होताच येतं आणि किती अंतर, किती उंची उरली ते दाखवतं. मला ते फार आवडतं, पण "उरलेली उंची" हाच एक आकडा मी बघतो. त्या क्षणाचा ग्रेडियंट काही सेकंद मागे असतो, आणि तो पायांना आधीच कळलेला असतो.

मार्शलचा (वाटेत उभ्या असलेल्या आयोजकांच्या माणसाचा) हात, रस्त्यावरचा बाण आणि तुमची फाइल यांत फरक पडला तर मार्शलचं ऐका. सकाळी रस्ता बंद झाला असेल तर ते फाइलला माहीत नसतं. इशारा वाजला तर चालत्या सायकलवर स्क्रीनशी खेळू नका. बाजूला थांबा, झूम कमी करा, रेष कुठे सोडली ते बघा आणि तिथेच परत जा. पुढे कुठेतरी रेषेला मिळण्याचा मोह होतो, पण मधला कंट्रोल किंवा टायमिंग मॅट (रस्त्यावरची वेळ नोंदवणारी पट्टी) चुकली तर राइड बाद धरली जाऊ शकते.

उताराबद्दल आलेख अर्धंच सांगतो. तिथे ग्रेडियंट दिसतो, वळण दिसत नाही. आठ टक्क्यांचा सरळ उतार आणि आठ टक्क्यांवर केसांच्या पिनेसारखी वळणं यांची रेष आलेखात एकच असते. म्हणून मोठ्या उतारांचा नकाशा आदल्या दिवशी जरूर बघा आणि पहिलं अवघड वळण पट्टीवर लिहा.

बॅटरी पूर्ण भरून निघा. स्क्रीनचा उजेड कमी ठेवा, छोटी पॉवर बँक आणि केबल बरोबर घ्या, तीच फाइल फोनमध्येही ठेवा. आयोजकांनी वळणांची छापील यादी दिली असेल तर ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जर्सीच्या खिशात ठेवा.

राइड झाली की दोन दिवसांत आपली नोंद उघडा. लांब चढांवरचा दर पुन्हा काढा: पहिल्या चढाला किती, शेवटच्याला किती. पुढच्या इव्हेंटचं गणित याच आकड्यांवर करायचं. फाइलमध्ये एखादं वळण चुकीचं सापडलं असेल तर किलोमीटर आणि जागेसकट आयोजकांना कळवा, म्हणजे पुढच्या वेळी तुमच्या मागून येणाऱ्याला ते बरोबर मिळेल.